टीएमसी फोडण्याची घरगुती पद्धत

इंदापूर तालुक्यात डाळज नावाचे एकच गाव नाही. डाळज नंबर एक, डाळज नंबर दोन आणि डाळज नंबर तीन आहेत. अंकगणिताचा नवा विद्यार्थी कुठे पाठवावा असे कोणी विचारले, तर पहिल्या तीन नैसर्गिक संख्या जिथे गावाच्या नावातच आहेत तिथे पाठवावा. एक, दोन, तीन यांची बेरीज करा, सहा येते. गुणाकार करा, तरी सहाच. शिवाय १, २ आणि ३ हे सहाचे स्वतःखेरीज सगळे विभाजक, म्हणून सहा ही परिपूर्ण संख्या. एवढा अभ्यास एसटीची वाट बघता बघता उरकतो.

पण या भागात लहान संख्या कोणी बोलत नाही. गावाच्या कडेला उजनी धरणाचा फुगवटा आहे आणि चहाच्या टपरीवर बसलेला माणूस टीएमसीत बोलतो. दौंडचा विसर्ग किती, उजनी किती टक्के, मायनसमधून प्लसमध्ये कधी येणार, अमक्याने किती टीएमसी पळवले. टीएमसी हा शब्द तोंडात इतका रुळला आहे की तो उघडून आत काय आहे हे बघायची गरज कोणाला वाटत नाही. ही मार्गदर्शिका त्यासाठी आहे. ती वाचून पाणी मिळणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

साहित्य

एक पेन, पाठकोरा कागद आणि किराणा दुकानात असतो तसा बारा आकडी कॅल्क्युलेटर. मोबाईल चालेल, पण त्यावर मध्येच फोन येतो. बारा आकडी कॅल्क्युलेटर लिटरच्या हिशेबात ३५ टीएमसीपर्यंत साथ देतो. छत्तिसावा टीएमसी घातला की तेरावा आकडा लागतो आणि यंत्र हात टेकते. उजनीचा एकूण साठा ११७.२३ टीएमसी आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त धरण कॅल्क्युलेटरबाहेर सांडते. म्हणून नवशिक्याने सुरुवात एकाच टीएमसीने करावी.

संख्या ताब्यात घेणे

टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, सरळ बोलायचे तर एक अब्ज घनफूट. हजार फूट लांब, हजार फूट रुंद आणि हजार फूट खोल असा हौद डोळ्यांसमोर आणा. आता फुटांचे डेसिमीटर करा. एक फूट म्हणजे ३.०४८ डेसिमीटर, म्हणून हौदाची प्रत्येक बाजू ३,०४८ डेसिमीटर. एक घन डेसिमीटर म्हणजे एक लिटर. ३,०४८ ला ३,०४८ ने दोनदा गुणा:

२८,३१,६८,४६,५९२.

पुढे दशांश चिन्ह नाही, ‘अंदाजे’ नाही. एक टीएमसी म्हणजे नेमके इतके लिटर आणि ही पूर्ण घनसंख्या आहे. पाणी मोजणाऱ्या कचेऱ्या ती सहसा लिटरमध्ये लिहीत नाहीत. त्यांच्या कागदावर २८.३२ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर असते, आणि त्या दोन दशांश स्थळांत संख्येचा सगळा चेहरा झाकला जातो.

मोठ्याने वाचा: अठ्ठावीस अब्ज एकतीस कोटी अडुसष्ट लाख सेहेचाळीस हजार पाचशे ब्याण्णव. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची. तिच्यातल्या स्थाननावांनी वाचायचे तर २ खर्व, ८ अब्ज, ३ अर्बुद, १ कोटी, ६ प्रयुत, ८ लक्ष, ४ अयुत, ६ सहस्र, ५ शत, ९ दश आणि २. त्या यादीत पुढे महापद्म, शंकू आणि मग जलधि येतो, म्हणजे समुद्र. एकावर चौदा शून्ये. सगळी उजनी काठोकाठ भरली तरी लिटरमध्ये ती तीन महापद्मांच्या थोडी पुढे जाते. जलधि गाठायला तीस उजनीही किंचित कमी पडतात. भास्कराचार्यांना समुद्र किती मोठा असतो याचा अंदाज होता असे म्हणायला हरकत नाही.

दर सेकंदाला एक याप्रमाणे हे लिटर मोजायला बसलात तर ८९७ वर्षे लागतील. जेवणाची सुट्टी धरलेली नाही. कोणी अधिकारी ‘मोजणी चालू आहे’ म्हणाला तर एवढी सवलत त्याला द्यावी.

पायरी २

पहिली पायरी नाही. एक ही मूळ संख्या नसल्यामुळे तिला पायरीचा मान देता येत नाही.

शेवटचा आकडा २, म्हणजे संख्या सम. निम्मी करा. आलेले उत्तरही सम असेल, तेही निम्मे करा. असे नऊ वेळा चालते. दहाव्या वेळी हातात ५,५३,०६,३४१ असतील आणि टोकाचा १ तुम्हाला थांबवेल. मुले इथे कंटाळतात. त्यांना सांगावे की शेतीच्या वाटण्याही पिढ्यान्‌पिढ्या अशाच निम्म्या होत आल्या आहेत, फक्त तिथे विषम आकड्यापाशी कोणी थांबत नाही.

पायरी ३

अंकांची बेरीज करा: ५+५+३+०+६+३+४+१ = २७. तिनाने भाग जाणार. एकदा भागले की १,८४,३५,४४७, दुसऱ्यांदा ६१,४५,१४९, तिसऱ्यांदा २०,४८,३८३. आता अंकांची बेरीज २८ येते आणि तिनाचा कारभार संपतो.

पायरी १२७

मधल्या पायऱ्या गाळलेल्या नाहीत, त्या चढून बघायच्या आहेत. पाचाने भाग जात नाही, साताने नाही, अकराने नाही, तेराने नाही. ५ पासून ११३ पर्यंत २८ मूळ संख्या आहेत. एकेक लावत जा, एकही बसत नाही. नवशिके साधारण चाळिशीच्या आसपास सोडून देतात आणि ‘ही संख्या मूळच असणार’ असे जाहीर करतात. धीर धरून १२७ लावा. २०,४८,३८३ भागिले १२७ बरोबर १६,१२९. पुन्हा १२७ ने भागा, १२७ उरतात. म्हणजे १२७ हा अवयव तीनदा.

झाले. २८,३१,६८,४६,५९२ = २ चा नववा घात × ३ चा घन × १२७ चा घन. एवढ्या पाण्याच्या तळाशी तीनच मूळ संख्या आहेत: दोन, तीन आणि एकशे सत्तावीस.

दोन आणि तीन कुठेही सापडतात. १२७ मात्र पावसाने आलेले नाहीत. ते इंचातून आले. १९५९ साली इंग्रजी मापे वापरणाऱ्या देशांनी इंच नेमका २.५४ सेंटिमीटर ठरवला. २५४ म्हणजे दोन गुणिले १२७, आणि फुटात बारा इंच. त्याआधी ब्रिटनचा इंच आणि अमेरिकेचा इंच एकमेकांपासून केसाच्याही अंशाने वेगळे होते आणि दोघांपैकी कोणाचाही धरला तरी टीएमसीचे पूर्ण लिटर होत नव्हते. लिटरचेही तसेच. एक किलो पाण्याची जागा अशी त्याची जुनी व्याख्या होती आणि ती घन डेसिमीटरहून किंचित मोठी पडायची. १९६४ मध्ये लिटर म्हणजे बरोबर एक घन डेसिमीटर असे ठरले. म्हणजे आपली संख्या पूर्णांक झाली ती १९६४ साली. उजनी धरण पुरे झाले १९८० मध्ये. धरणापेक्षा आकडा सोळा वर्षांनी वडील आहे.

यात एक गंमत राहून जाते. वजने-मापे दशमान करण्याचा कायदा भारताने १९५६ मध्ये केला. कापड मीटरवर आले, दूध लिटरवर आले, साखर किलोवर आली. पाण्याचे भांडण तेवढे अजून घनफुटात चालते. माझ्या मते त्यामागे परंपरेचे प्रेम वगैरे नाही. ‘अठ्ठावीस दशांश बत्तीस दलघमी आमच्या हक्काचे’ ही घोषणा मोर्चात देता येत नाही, एवढेच.

संख्येचा स्वभाव ओळखणे

अवयव पाडले की संख्या बोलकी होते. विभाजक किती हे काढायला घातांकांत एकेक मिळवून गुणा: १० × ४ × ४, म्हणजे १६०. एक टीएमसी पाणी लिटरभरही न उरता समान वाटण्याच्या १६० रीती आहेत. दुसऱ्या कोणत्या धान्याची इतकी सोय असेल असे वाटत नाही.

या १६० मध्ये ६ आहे. ८,१२८ सुद्धा आहे, ती चौथी परिपूर्ण संख्या. दोनाच्या सहाव्या घाताला १२७ ने गुणले की ती येते. दुसरी परिपूर्ण संख्या २८. ती आपल्या संख्येच्या अगदी दारात उभी आहे, पण तिने भाग जात नाही. तिसरी ४९६ ही आत नाही. ती धरणाच्या भिंतीवर सापडते. उजनीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर. अभियंत्यांनी हे मुद्दाम केले असे कोणी सांगितले तर मान डोलवावी आणि विश्वास ठेवू नये.

इथे द. रा. कापरेकरांना बोलवावे लागते. जन्म १९०५, डहाणू. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिक्षक. संशोधकाची नोकरी नाही, मोठी पदवी नाही, हातात खडू आणि डोक्यात संख्या. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ मांडली आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात लिहिल्यावर ती जगभर गेली. कृती अशी: सगळे सारखे नसलेले चार अंक घ्या, उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच. सात वेळांच्या आत ६१७४ येते आणि मग हलत नाही. आपल्या संख्येची शेपूट ६५९२ घ्या. ९६५२ वजा २५६९, ७०८३. ८७३० वजा ०३७८, ८३५२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. तीन फेऱ्यांत टीएमसी देवळालीला पोचला.

कापरेकरांनी आणखी एक कुळ नोंदवले, हर्षद संख्या: अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो ती. आपल्या अकरा अंकांची बेरीज ५४. भागून बघा, ५२,४३,८६,०४८, बाकी शून्य. टीएमसी हर्षद निघाला. उन्हाळ्यात ही बातमी डाळजमध्ये कोणाला सांगू नये. हर्ष होईलच अशी खात्री नाही.

तिसरी चाचणी देवळाली संख्येची. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. जिला असा कोणी जनक सापडत नाही ती देवळाली संख्या, म्हणजे स्वयंभू. आपली संख्या स्वयंभू आहे का? नाही. २८,३१,६८,४६,५३८ घ्या. अंकांची बेरीज ५४. मिळवा, बरोबर एक टीएमसी. जनक सापडला आणि तो एकच आहे. पळसदेवचे जुने देऊळ पाण्याखाली आहे आणि उजनी आटली की वर येते, स्वयंभूपणाचा मान त्या बाजूला राहू द्यावा.

वाटप : प्रगत विद्यार्थ्यांसाठी

आता खरे काम. सोलापूर जिल्ह्यात तालुके अकरा. एक टीएमसी अकरांत समान वाटा. प्रत्येकाला २,५७,४२,५८,७८१ लिटर मिळतात आणि एक लिटर उरतो. नेमका एक. तो कोणाचा, यावर कालवा सल्लागार समितीची बैठक बसू शकते. इंदापूरला बारावा भागीदार म्हणून पंगतीला घेतले तर २,३५,९७,३७,२१६ लिटर प्रत्येकी आणि बाकी शून्य. अंकगणित इंदापूरच्या बाजूचे आहे. पण बारामतीला तेरावा पाट मांडला की पुन्हा आठ लिटर उरतात. हे निष्कर्ष सभेत वापरू नयेत; लेखकाला सोलापूरला जावे लागते.

२०२१ साली उजनीतले ५ टीएमसी इंदापूरला देण्याचा निर्णय निघाला, पुण्याहून वाहून येणाऱ्या सांडपाण्याचा त्याला आधार दिला गेला, सोलापुरात आंदोलने झाली आणि मे महिन्यात निर्णय रद्द झाला. गणिताच्या दृष्टीने ५ टीएमसी ही फार सुटसुटीत संख्या होती. एकट्या टीएमसीला पाचाने भागले तर दोन लिटर उरतात. पाच टीएमसींना पाचाने भाग जातो, दहाने जातो, बारानेही जातो. भागाकाराच्या बाजूने कसलीही अडचण नव्हती.

वाटणीचा अधिक अवघड प्रश्न हौदांचा आहे. आपला एक टीएमसीचा घनाकार हौद मोडून दोन लहान घनाकार हौद बांधायचे आहेत, पाणी तेवढेच बसले पाहिजे आणि बाजू मीटर, सेंटिमीटर, मिलिमीटर अशा कोणत्याही मापात पूर्ण आकड्यात आल्या पाहिजेत. गवंडी कितीही हुशार आणा, हे होत नाही. सतराव्या शतकात फर्माने हे म्हणून ठेवले आणि अठराव्यात ऑयलरने घनांपुरते सिद्ध केले: एका घनाचे दोन घन होत नाहीत. दोन भावांनी घनाकार वाटणी मागू नये.

तीन मात्र होतात. ३ चा घन, ४ चा घन आणि ५ चा घन यांची बेरीज २७ + ६४ + १२५ = २१६, म्हणजे ६ चा घन. आपल्या ३,०४८ ला सहाने भाग जातो, ५०८ येतात. तेव्हा १,५२४, २,०३२ आणि २,५४० डेसिमीटर बाजूंचे तीन हौद खणा. त्यांत अनुक्रमे ३,५३,९६,०५,८२४, ८,३९,०१,७६,७६८ आणि १६,३८,७०,६४,००० लिटर बसतील. बेरीज करून बघा, थेंबाचा फरक नाही. डाळज एक, दोन आणि तीन यांना एकेक हौद देता येतो. वाटा समान नाही हे खरे, आणि सर्वांत मोठा हौद कोणत्या नंबरला, हे या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे.

काळजी आणि इशारे

संख्या पूर्णांक आहे म्हणून पाणीही पूर्णांक आहे असे समजू नका. धरणातले पाणी लिटरने कोणी मोजलेले नाही. पातळी मोजतात, पातळीवरून तक्त्यात साठा बघतात, आणि तक्ता करताना तळ जिथे होता तिथे आता गाळ असतो. वर्तमानपत्रात साठा ११७.२३ असा छापतात. त्यातला शेवटचा ३ म्हणजे तीन शतांश टीएमसी, आणि एक शतांश म्हणजे २८ कोटी ३१ लाख लिटरांहून जास्त. दुसऱ्या दशांश स्थळात एवढे पाणी इकडचे तिकडे होते, तिथे आपल्या शेवटच्या ५९२ लिटरना विचारतो कोण? त्या अकरा आकड्यांपैकी कागदावर सगळे खरे. धरणावर पहिल्या दोनतीन आकड्यांवर भिस्त ठेवावी, पुढचे व्याख्येचे दान आहे.

‘मायनस’ला घाबरू नका. उजनीची टक्केवारी मृत साठ्याच्या वर मोजतात, म्हणून पाणी त्या रेषेखाली गेले की टक्के उणे होतात. उणे संख्येत मासे जगतात, हे भिगवणच्या मासळी बाजारात पडताळून बघता येते.

विसर्गाचा हिशेब घरच्या घरी करायचा तर एकच आकडा पाठ करा: ११,५७४. एवढे क्युसेक, म्हणजे सेकंदाला एवढे घनफूट, पाणी चोवीस तास एकसारखे आले की एक टीएमसी जमा होतो. दौंडला ५० हजार क्युसेक दिवसभर टिकले, तर ४.३२ टीएमसी. टपरीवर हे तोंडी सांगितलेत तर चहा कदाचित दुसरा कोणी पाजेल.

आणि एक टीएमसी कमी आहे की जास्त, असे कोणी विचारले तर महाराष्ट्राची २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या घ्या, ११,२३,७४,३३३. भागा. माणशी २५२ लिटरना जरासे कमी येतात. दोन-तीन दिवसांचे आंघोळ-स्वयंपाकाचे पाणी. उसाला किती पुरेल, ते ज्याच्या रानात ऊस आहे त्याला विचारा.

गृहपाठ

आता सगळे धरण फोडा. ०.२३ टीएमसी चिलापी माशांसाठी सोडा, उरले ११७. त्याचे अवयव तीन, तीन आणि तेरा. एका टीएमसीपाशी बारामतीला आडवा आलेला तेराचा अंक इथे चक्क आत सापडतो. अकरा तालुके सोलापूरचे, बारावा इंदापूर, तेरावी बारामती, प्रत्येकाला नेमके ९ टीएमसी, बाकी शून्य. उत्तर सुंदर आहे, वहीत चौकट करून लिहा. फक्त वाटपाला बसण्यापूर्वी त्यातून ६३.६६ टीएमसी मृत साठा वजा करायला विसरू नका.